पहारेकरी निजलाय

कोमारोम, गुरुवार, बाहेर वारा सुटलाय

आदरणीय गिझेला वहिनी यांना,

धाकट्या दिराचा तुमच्या दोन्ही हातांना दुरूनच नमस्कार. तुम्ही खुशाल असाल, सोप्रोनची हवा मानवत असेल आणि ज्या गुडघ्यानं उन्हाळ्यात असहकार पुकारला होता तो आता वठणीवर आला असेल, असं धरून चालतो. तो गुडघा जिना चढू देतो का? आणि आगगाडीच्या पायऱ्या? (सहज विचारतो.) तुमच्या डोक्यावर राहणारे ते तुतारीवाले भाडेकरू अजून आहेत का? असतील तर तुमच्या डोक्याचं काही खरं नाही, आणि नसतील तर घर अगदी सुनं सुनं वाटत असेल, म्हणजे तेही वाईटच. तुमची मांजर गेल्याचं आमच्या एमोकेकडून कळलं. फार हळहळलो. मांजर असली की माणूस घर सोडून कुठं हलू शकत नाही, आणि गेली की घरात थांबायला काही कारण उरत नाही. असो. हेही सहजच.

माझी प्रकृती ठीक आहे. ठीक म्हणजे, बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की कशासाठी उठलो ते आठवत नाही. हे पत्र लिहायला घेतल्यापासून दोनदा उठून हीटर बघून आलो. (आता तिसऱ्यांदा.) चालू आहे. गेला पंधरवडा या हीटरनं माझं जे काही केलंय ते तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? देझोदादा असता तर त्याला सांगितलं असतं, आणि तो हसला असता. तुम्ही रागवाल, पण शेवटपर्यंत वाचाल. म्हणून तुम्हाला.

तर वहिनी, खिडकीखालचा आमचा तो जुना तपकिरी हीटर तुम्हाला आठवत असेल. त्याच्या पोटात, काचेच्या छोट्याशा डोळ्यामागे, बोटभर निळी ज्योत दिवसरात्र तेवत असायची. खोली गार पडली की तीच मोठ्या जाळाला पेटवायची, आणि खोली तापली की जाळ जायचा पण ती राहायची. तिला आपण पहाऱ्याची ज्योत म्हणतो. आणि अशी ज्योत आपल्याकडे विझत नाही, निजते. ज्यानं कुणी आपल्या भाषेत हे दोन शब्द शेजारी शेजारी आणून ठेवले तो माणूस नक्की माझ्यासारखाच हिवाळाभर हीटरसमोर गुडघे टेकून बसलेला असणार. मी तर त्या ज्योतीला सरळ पहारेकरीच म्हणायचो. चार वर्षांपूर्वी माझी इल्का गेल्यानंतर या घरात माझ्याखेरीज हलणारी तेवढी एकच गोष्ट होती. सकाळी उठून मी आधी तिला बघायचो, मग चष्मा शोधायचो.

पण अलीकडे डॅन्यूबवरून वारा सुटला की पहारेकरी निजायला लागला. त्याला उठवण्याची एक रीत आहे. एका हातानं बटण खोल दाबून धरायचं, दुसऱ्या हातानं ठिणगी पाडायची, आणि ज्योत पेटली तरी बटण लगेच सोडायचं नाही. कारण ज्योतीत बोट बुडवून एक तांब्याचा दांडा बसलेला असतो. तो पुरेसा तापला की मगच गॅसची कवाडी आपण होऊन उघडी धरतो. ज्योत निजली की दांडा गार पडतो आणि कवाडी मिटते, म्हणजे न जळलेला गॅस घरात पसरत नाही. थोडक्यात, ज्योत घराचा पहारा करते आणि दांडा ज्योतीचा. (मग दांड्याचा पहारा कोण करतं, असं मी गॅसवाल्या लेहेलला विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, मला अजून दोन घरं करायचीयत." शिकलेल्या माणसांना मोठे प्रश्न आवडत नाहीत.)

बटण किती वेळ धरायचं? लेहेल म्हणे मनात आकडे मोजा. आता आकडे मी नोकरीभर मोजले. रोज सकाळी धक्क्यावर जायचं, नदीची पातळी वाचायची, वर कळवायची. निवृत्तीनंतर मी आकड्यांशी बोलणं सोडलंय. म्हणून मी कविता म्हणतो. केलेमेन मास्तरांनी स्वतः रचून आख्ख्या वर्गाकडून घोकून घेतलेली ती किल्ल्यावरच्या शिपायाची कविता, देझोदादालाही पाठ होती, तुम्हीही ऐकली असेल, नको तेव्हा:

बुरुजावरती उभा एकला, हिमात भिजला भाला,
पापणीवरी दव गोठले, झोपेस घातला टाळा,
गाव निजतसे विश्वासाने, कुणीतरी जागे आहे,
खिडकीमधल्या ज्योतीपाशी आई वाट पाहे.

मास्तरांच्या चालीत हे कडवं म्हटलं की दांडा बरोब्बर तापतो. शास्त्र आणि काव्य यांचं इतकं जमलेलं मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही. पण वहिनी, वय झालं की गळा लवकर भरून येतो. 'कुणीतरी जागे आहे' इथवर मी नीट पोचायचो आणि पुढे खिडकी आली, आई आली की माझा अंगठा आपोआप सैल पडायचा. बटण सुटलं की पहारेकरी निजला. पुन्हा बुरुज, पुन्हा भाला. एकदा तर दुपारचं जेवण राहून गेलं आणि मी शेवटच्या ओळीशीच अडखळत होतो. नेमका तेव्हा एमोकेचा वेस्प्रेमहून फोन आला. मी तो कानाशी धरला, पण कविता सोडता येईना, कारण दांडा तापत होता. पोरीला काय ऐकू आलं असेल? बाप गुडघ्यावर बसलाय, धापा टाकतोय, "आई वाट पाहे" म्हणतोय आणि हुंदके देतोय.

पुढच्या शनिवारी ती आली ती लेहेलला आणि एका नव्या पांढऱ्या हीटरला घेऊनच. जुना निघाला. भिंतीवर त्याच्या आकाराची एक जागा तेवढी उजळ राहिली. आणि जाताना दारात उभी राहून तिनं मला सांगितलं, "बाबा, हे शेवटचं. आता गॅसवरून एकही तमाशा झाला तर घराला कुलूप घालायचं आणि तुम्ही माझ्याकडे यायचं. हो म्हणा." मी हो म्हणालो. (ती आईवर गेलीय. तिच्यापुढे नाही म्हणताना जीभ टाळ्याला चिकटते.)

तिच्याकडे म्हणजे सातवा मजला. उबेचे पाइप भिंतीतून येतात, आग कुठेतरी गावाबाहेर पेटते, कुणी पाहिलेली नाही. खिडकीतून गाड्यांची छपरं दिसतात. नदी नाही. जन्मभर सकाळी उठून पाणी किती चढलं ते बघणाऱ्या माणसानं तिथं सकाळी उठून काय बघायचं? लिफ्ट चालू आहे का ते? पोर मनानं चांगली आहे, माझी खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय म्हणाली. म्हणूनच जास्त भीती वाटते. रंग वाळला की माणसाला जावं लागतं.

आता नव्या हीटरचं ऐका. त्याच्यात पहाऱ्याची ज्योतच नाही! डोळ्याला काच आहे, आत मिट्ट काळोख. मी लेहेलला म्हटलं, "अरे, हा मेलेला आणलास." तो म्हणाला, "आजोबा, लागेल तेव्हा पेटतो, उगाच जळत बसत नाही. सगळं ही पेटी बघते." आत एक छोटीशी पेटी आहे म्हणे. खोली गार झाली की ती आधी जरा थांबते, हवा खेळतेय का बघते, मग गॅस सोडते आणि टिकटिक टिकटिक ठिणग्या पाडते. जाळ दिसला तर ठीक. पटकन दिसला नाही तर गॅस बंद, पुन्हा थांबणं, पुन्हा प्रयत्न. तीनदा जमलं नाही की कायमची दाराला कडी आणि बाहेर लाल दिवा. मग माणसानं स्वतः येऊन बटण दाबल्याशिवाय ती ऐकत नाही. "आणि बटण दाबायच्या आधी कारण शोधायचं," लेहेल जाता जाता म्हणाला. हे वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं होतं एवढंच.

विश्वास कसा ठेवायचा, सांगा? पहाऱ्यावरचा शिपाई घरी जाऊन झोपतो आणि म्हणतो, चोर आला की हाक मारा! मला चैन पडेना. मी खोलीचा काटा वर फिरवायचो, पेटतो का बघायला. टिकटिक, फप्, पेटला. काटा खाली. विझला. पुन्हा पेटेल का? काटा वर. वाचायला घेतलं की एक डोळा पुस्तकात आणि एक काचेत. वांग्यांचं लोणचं जळलं... म्हणजे लोणचं नव्हे, ज्याचं लोणचं घालणार होतो ती वांगी. आणि त्यात सोमवारी वारा सुटला. मला वाटलं, जुना वाऱ्यानंच निजायचा, हा तर जागाच नसतो, याचं काय होणार? बाहेरच्या भिंतीवर त्याचं जाळीचं नाक आहे, त्यातून तो हवा घेतो आणि धूर सोडतो. मी बाहेर गेलो, हात लावून पाहिला. बर्फ. बिचाऱ्याच्या नाकात थेट नदीवरचा वारा जात होता. मग मी, वहिनी, माणुसकीनं जे सुचलं ते केलं. त्याबद्दल पुढे.

मंगळवारी दुपारी लाल दिवा लागला. मी बटण दाबलं. टिकटिक, टिकटिक, फप्, आणि गुल. पुन्हा टिकटिक. पुन्हा लाल. मी परत दाबलं. खोली गार पडत चालली आणि माझ्या डोळ्यांपुढे सातवा मजला उभा राहिला. लेहेल फोन उचलेना. (दोन घरं करत असणार.) आणि एमोकेला कळायच्या आत हे निस्तरायला हवं होतं. म्हणून मी घाईघाईनं संकटाच्या वेळचा नंबर फिरवला. गॅसवाल्यांचा वेगळा नंबर असतो हे मला माहीत आहे, पण तो ज्या कागदावर होता तो जुन्या हीटरवर चिकटवलेला होता.

एका मुलीनं फोन घेतला. फार गोड आवाज. मी म्हटलं, "बाई, पहारेकरी निजलाय."

"कोण निजलंय?"

"पहारेकरी. उठतच नाहीये."

"आजोबा, घाबरू नका. हे त्याचं नाव आहे का?"

"मी लाडानं म्हणतो."

"बरं. हलवून पाहिलंत?"

"किती वेळा! दरवेळी जरा धुगधुगी येते आणि परत गार पडतो."

"अंग गार लागतंय?"

"अगदी थंडगार."

"श्वास चाललाय का?"

यावर मी जरा विचार केला, कारण मला प्रामाणिकपणे उत्तर द्यायचं होतं. म्हटलं, "आत हवा जातेय असं वाटत नाही हो."

"वय काय त्याचं?"

"वय कसलं, नवाच आहे. पंधरा दिवसांपूर्वी तर घरी आणलाय."

मग ती मुलगी वेगळ्याच आवाजात म्हणाली, "आजोबा, त्याला छातीशी धरा, पांघरुणात गुंडाळा. गाडी निघालीय." मला वाटलं, काय सेवा आहे! हीटरसाठी गाडी! पण तो भिंतीला बसवलेला, छातीशी कसा धरणार? तरी मी त्याच्यावर घोंगडी टाकली. (सांगितलेलं ऐकणं हा माझा स्वभाव आहे, निदान बायकांचं.)

भोंगा वाजवत रुग्णवाहिका आली. मागून पोलिसांची गाडी. दोन दांडगी माणसं औषधांची पेटी घेऊन धावत आत शिरली, "बाळ कुठाय? बाळ कुठाय?" आणि मी, वहिनी, अदबीनं घोंगडी उचलून दाखवली.

त्या क्षणाबद्दल मी जास्त लिहीत नाही. त्यातला मिशीवाला होता तो बराच वेळ हीटरकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग खाली बसला आणि त्याला हसू आवरेना. दुसऱ्याला आवरलं, पण त्याचा उपयोग त्यानं मला बोलण्यासाठी केला. कुंपणापलीकडे बोर्बालाबाई कोबी चिरत होत्या. त्यांनी "बाळ" एवढा शब्द ऐकला आणि सुरी हातात तशीच घेऊन आल्या. "वेंडेलभाऊ, या वयात?" एवढंच म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी एमोकेला फोन लावलासुद्धा. तिचा नंबर त्यांच्याकडे कसा, हे मला आजवर माहीत नव्हतं. आता कळतंय, गेली चार वर्षं खरा पहारा कोण करत होतं ते.

एमोके संध्याकाळच्या आत पोचली. वाटेत लेहेललाही तिनं कुठूनसा उपटून आणलं. तो आत आलाच नाही, आधी घराला वळसा घालून मागे गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात राखाडी लोकरीचा मफलर होता. म्हणाला, "आजोबा, हे काय?"

वहिनी, तो तुमचा मफलर. गेल्या नाताळात तुम्ही विणून पाठवलेला, दोन पदरी, वारा न शिरणारा. मी तो हीटरच्या नाकावर गुंडाळला होता, तीन वेढे, आणि वर गाठ. तुमच्या विणकामाची याहून मोठी स्तुती कुणी केली नसेल. हवेचा कणही आत गेला नाही आणि धुराचा कणही बाहेर आला नाही. लेहेल त्या मफलरातून माझ्याकडे बघण्याचा प्रयत्न करत होता, त्याला दिसलं नाही. मग तो एमोकेला म्हणाला, मला नाही, "ताई, जुना असता आणि यांनी कविता म्हणत बटण दाबून धरलं असतं ना, तर मी आज बोलायला आलो नसतो, फुलं घेऊन आलो असतो. ह्या पेटीला जाळ टिकताना दिसला नाही, तिनं दरवेळी गॅस तोडला. तुमचे बाबा तिला उठवत होते आणि ती नाही नाही म्हणत होती." मग त्यानं बटण दाबलं. टिकटिक, फप्. पेटला. निळा, सरळ, न हलणारा.

मला वाटलं होतं एमोके ओरडेल. ती ओरडली नाही. कोट न काढता जमिनीवर बसली आणि काचेतल्या त्या जाळाकडे बघत राहिली, मी बसतो तशी. मग म्हणाली, "बाबा, त्या पेटीनं तुमचं ऐकलं असतं तर?" मी म्हटलं, "ऐकलं नाही ना पण." ती उठली, आतल्या खोलीत गेली, पलंगाखालची सूटकेस ओढली आणि माझे सदरे भरायला लागली. घडी न घालता. इल्काही अशीच भरायची, रागात असली की.

मी दारात उभा. मुद्दे माझ्याकडे पुष्कळ होते. की पेटीनं काम चोख केलंय. की मफलर आता कपाटात आहे. की आता कारण शोधल्याशिवाय मी बटण दाबणार नाही, केलेमेन मास्तरांची शपथ. पण वहिनी, ज्या घरात रुग्णवाहिकेनं घोंगडीखालचा हीटर तपासलाय तिथं मुद्दे चालत नाहीत. ती माझा इस्त्रीचा कोट कोंबत होती तेव्हा मी एक वाक्य बोललो. एकच. तिचा हात थांबला. मग सूटकेस तशीच उघडी ठेवून ती म्हणाली, "खरंच?" मी हो म्हणालो. तिनं माझ्या कपाळाचा पापा घेतला, जाळाला एकदा बघितलं आणि वेस्प्रेमला परत गेली.

आता हीटर चालतोय. मी अजून उठून बघतो, पण फक्त बघतो. काळ्या काचेचीसुद्धा सवय होते. परवापासून मनात येतंय की सगळं केलेमेन मास्तरांच्या शिपायासारखं डोळे ताणून उभं राहिलंच पाहिजे असं नाही. पण हे मी कवितेत बसवू शकलो नाही, 'ठिणगी'ला यमक नीट मिळत नाही.

लहानांना आशीर्वाद आणि मोठ्यांना नमस्कार कळवावा असं लिहिणार होतो, पण तुमच्याकडे दोन्हींपैकी कुणी राहत नाही हे लक्षात आलं. स्वतःला जपा.

तुमचा भावजी,
वेंडेल

ता. क. मफलर जळलेला नाही. एका बाजूनं पिवळा झालाय आणि त्याला थोडा वास येतो. नवा विणायचा असेल तर इथंही वेळ भरपूर मिळतो, उजेड चांगला आहे.

ता. क. दुसरा. ते एक वाक्य तुम्हाला सांगायलाच हवं, कारण त्यात तुमचं नाव होतं. मी एमोकेला म्हणालो, "मी एकटा कुठे आहे, या हिवाळ्यात गिझेला वहिनी येणार आहेत राहायला, ईस्टरपर्यंत." कसं सुचलं देव जाणे. तोंडातून गेलं. पण तिचा हात थांबला तेव्हा मला कळलं की पोरीला माझी जी चिंता होती ती गॅसची नव्हतीच.

ता. क. तिसरा. बोर्बालाबाईंनी तुमच्यासाठी कोबी भरून ठेवलाय. म्हणजे आता सबंध गल्लीला माहीत आहे. शिवाय एमोके पुढच्या आठवड्यात रविवारी दुपारी जेवायला येतेय, तुम्हाला भेटायला, खसखशीचा रोल घेऊन. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी सोप्रोनहून ज्यॉरला एक गाडी आहे, तिथून पुढे सोपं आहे. मी स्टेशनवर असेन, आधीच असेन, तुम्हाला माहीतच आहे मी.

ता. क. शेवटचा. आतली खोली हीटरच्या बाजूची आहे. ती सूटकेस मी रिकामी केली आणि कपाटाचे दोन खण तुमच्यासाठी मोकळे केले, नुसती थाप निभवायला म्हणून. मग पलंगावर दुसरी उशी ठेवली आणि तिथंच बसून राहिलो. वहिनी, यायचं नसेल तर मला राग नाही, लाजही नाही, खरं सांगतो. पण तसं पत्रानं कळवू नका. स्वतः या आणि सांगा. रविवारी, जेवताना, एमोकेसमोर.